आधी खड्डा, मग इसार

मागच्या अंकात जमिनीबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं. जवळपास सगळी पत्रं प्लॉटचीच आली. रेट काय, रोडटच आहे का, एनए (बिगरशेती) झालंय का, पूर्वमुखी आहे का हे सगळं लोकांनी अगदी बारीक लिहिलंय, पण खाली काय आहे, मुरूम किती फुटावर लागतो, हे फार थोड्यांनी लिहिलंय. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी तेच सांगावं लागलंय की बाबांनो, आधी खड्डा काढा.

प्रश्न : बार्शी रोडला दीड गुंठ्याचा एनए प्लॉट बघितलाय, माती काळी आहे. शेजारच्या दोन बंगल्यांना भिंतीवर तिरक्या भेगा आहेत. एजंट म्हणतो कॉन्ट्रॅक्टरने सिमेंट मारलंय, म्हणजे कमी घातलंय, म्हणून तसं झालंय, जमीन एकदम टकाटक आहे. घ्यावा का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : सिमेंट मारलेलं असेलही, पण भेग नीट बघा. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर चढत गेली असेल तर पायाखाली काहीतरी हललंय असा संशय घ्यायला जागा आहे, नुसत्या कच्च्या प्लास्टरच्या भेगा अशा जात नाहीत, त्या जाळीसारख्या वरवर दिसतात. त्या बंगल्यात राहणाऱ्यांना एकच विचारा, भेग उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सारखीच असते का? ते म्हणाले की मे महिन्यात नाणं जाईल एवढी होते आणि सप्टेंबरात जवळजवळ मिटते, तर एजंटशी वाद घालत बसू नका, दोष काळ्या मातीचा आहे.

आपल्याकडची काळी माती म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाचाच कुजून झालेला भुगा, आणि त्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते जी पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच, ज्वारीवाल्याला त्याचं काही वाटत नाही, उलट पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल जातं म्हणून तो खूशच असतो. पण त्याच मातीवर तुम्ही घर ठेवलं की घराच्या मधला भाग ओलसर राहतो, कडा दर उन्हाळ्यात वाळतात, दर पावसाळ्यात फुगतात, आणि ही वरखाली दरवर्षी चालू राहते. जड तीन मजली इमारत ती थोडीफार दाबून धरते, हलकं बैठं घर आणि कंपाऊंड वॉल मात्र उचलली जाते. म्हणून प्लॉटिंगच्या साईटवर आधी कंपाऊंड वॉल बघत जावी, तिथे सगळं दिसतं.

आता तुमच्या प्लॉटला किती खोल काळी आहे हे वरून कुणीही सांगू शकत नाही. भीमेच्या, सीनेच्या काठाला ती कित्येक फूट असते आणि तिथून दोन किलोमीटरवर माळाला चढलं की फूटभर खाली मुरूम. एकाच ले-आऊटमध्ये दोन टोकांच्या प्लॉटमध्ये फरक पडतो. इसार देण्याआधी मालकाकडून लेखी परवानगी घ्या आणि जेसीबी लावून 8-10 फुटांचा खड्डा काढा. मालक नाही म्हणाला तर मग विचारच करा. खड्ड्यात उतरू नका, काळ्या मातीची भिंत न सांगता ढासळते, वरूनच बघा आणि बकेटमध्ये येणारी माती बघा. काळी किती फूट, मग पिवळट चुनखडीची किती, मग मुरूम कुठे लागला, आणि तो फावड्याने निघतो की पहारीलाच दाद देतो, हे लिहून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा, फोटोत टेप सोडलेला दिसू दे.

एक सावधगिरी. मे महिन्यात काढलेली वाळकी काळी माती दगडासारखी कडक लागते आणि बघणारा म्हणतो वा, काय जमीन आहे. तीच माती ऑगस्टमध्ये चप्पल ओढून घेते. म्हणून फक्त भारक्षमतेचा आकडा विचारून उपयोग नाही, फुगते किती ते विचारायचं. त्याची टेस्ट मला फार आवडते कारण साधी आहे, माती वाळवून बारीक चाळायची, 10 ग्रॅम एका 100 मिलीच्या मोजपात्रात पाण्यात टाकायची आणि 10 ग्रॅम तशाच दुसऱ्या पात्रात रॉकेलमध्ये, ढवळून हवा काढायची आणि 24 तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची शेजारी शेजारी बघितली की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. पाण्यातला थर रॉकेलपेक्षा 50 टक्क्यांहून जास्त फुगला असेल तर पायाचं डिझाईन वेगळं करावं लागणार. कुठल्याही सिव्हिल लॅबमध्ये ही टेस्ट होते आणि स्वस्तातल्या टेस्टपैकी एक आहे.

घ्यावा का याचं उत्तर मुरूम कुठे लागला त्यावर आहे. 4-5 फुटांवर कडक मुरूम लागला तर काहीच प्रश्न नाही, काळी काढून टाका, फुटिंग म्हणजे पायाचा तळ मुरमात बसवा, प्लिंथच्या म्हणजे जोत्याच्या आत मुरूम भरा आणि पाणी मारून थराथराने दबई करा. काढलेली काळी माती मात्र परत प्लिंथमध्ये ढकलू देऊ नका, कॉन्ट्रॅक्टर वाहतूक वाचवायला हेच करतो आणि मग दोन वर्षांनी हॉलची फरशी फुगते. मुरूम 8-10 फुटांपर्यंत लागलाच नाही तर अंडर-रीम्ड पाईल म्हणजे खाली फुगा असलेले खांब घालावे लागतील, रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने ही पद्धत अशा जमिनीसाठीच बसवली, खांब साधारण साडेतीन मीटर खाली जातो जिथे ओल वर्षभर सारखीच असते, त्यामुळे वरची माती काहीही नाटकं करो. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर मध्ये घालायची पद्धत दाखवली, तीही कालव्यांच्या अस्तरापासून फरशीखालपर्यंत वापरतात. कुठलं करायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल, एजंट नाही आणि गवंडीही नाही.

म्हणजे काळी आहे म्हणून सोडून द्या असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर निम्मा सोलापूर जिल्हा रिकामा करावा लागेल. पायाचा वाढीव खर्च काढा आणि तो भावातून मागा. आणि घर झाल्यावर भोवतीने 4-5 फूट रुंद सिमेंटची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, गच्चीचं पाणी पाईपने लांब सोडा, आणि भिंतीला लागून पिंपळ-निलगिरी तर सोडाच, कडुलिंबसुद्धा लावू नका, उन्हाळ्यात झाड पायाखालची ओल ओढून घेतं आणि तो कोपरा खचतो.

प्रश्न : कृषी विभागाच्या लॅबमधून प्लॉटची माती तपासून आणली, पीएच 7.8, नत्र कमी, पालाश भरपूर. इंजिनिअर म्हणतो हा रिपोर्ट चालत नाही, वेगळी टेस्ट करा. हा पैसे काढायचा धंदा आहे का? – परभणी

उत्तर : नाही हो, या वेळी इंजिनिअर बरोबर आहे. तुम्ही आणलाय तो पिकाचा रिपोर्ट. त्यात सामू (म्हणजेच पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त-लोह वगैरे सूक्ष्म द्रव्यं असतात, 2015 पासून सरकारची मृदा आरोग्य पत्रिका मिळते त्यातही हेच 12 घटक असतात. हा नमुना वरच्या 15-20 सेंटीमीटरचा असतो आणि घराचा पाया तर तिथे सुरूही होत नाही, ती माती आपण खरवडून फेकून देतो. बांधकामाला लागतो तो जिओटेक्निकल रिपोर्ट, त्यात बोअर मारून कुठल्या खोलीवर कुठला थर, भूजल किती फुटावर आणि सुरक्षित भारक्षमता किती टन प्रति चौरस मीटर हे येतं. बैठ्या घराला बोअर नाही मारला तरी चालतं, दोन खड्डे आणि लॅबला दोन नमुने पुरतात, पण तीन-चार मजले चढवायचे असतील तर बोअरच. तुमचा कृषीचा रिपोर्ट फाडू नका, परसबागेला कामाला येईल.

प्रश्न : पुण्याच्या बाहेर स्कीममधला प्लॉट आहे, एकदम सपाट, मुरमाचा भराव टाकून रोलर फिरवलाय. स्थानिक एक आजोबा म्हणाले इथून ओढा जायचा. डेव्हलपर म्हणतो अफवा आहे. कसं कळणार? – पिंपरी

उत्तर : आजोबांवर विश्वास ठेवा आणि तरी तपासून घ्या. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं दिसतात, 10-15 वर्षं मागे जा, ओढा, खाण किंवा विहीर असेल तर गोल किंवा वाकडी सावली दिसेलच. सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट म्हणजे भूभागाचा सविस्तर नकाशा मिळवा, त्यात बारमाही पाण्याचे ओढे निळ्या रेषेत आणि एरवी कोरडे असणारे काळ्या रेषेत असतात. तलाठ्याकडे गावनकाशा बघा आणि जुना सातबारा काढा, त्यात विहिरीची नोंद असेल किंवा मोठं क्षेत्र पोटखराब (लागवडीला अयोग्य) दाखवलेलं असेल तर ते का हे विचारा. नदी जवळ असेल तर पूररेषा बघायला विसरू नका, निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतल्या एखाद्या पुराची, निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र असतं आणि दोन्हींच्या मध्ये नियंत्रित.

मग खड्डा आहेच. खड्ड्यात खाली प्लास्टिकच्या पिशव्या, विटांचे तुकडे, टाईल्स, काळा वास मारणारा गाळ निघाला तर डेव्हलपरला फोन करून काही विचारायचं राहत नाही. भराव वाईटच असतो असं नाही, फूटभराच्या थराने पाणी मारून रोलरने दाबत आणलेला भराव रस्त्याला, अंगणाला झक्कास चालतो, पण बहुतेक ठिकाणी डंपर उलटे करतात आणि शेवटी वरून एकदा रोलर फिरवून फोटो काढतात. असा भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, आणि सगळीकडे सारखा बसला तर एक वेळ चाललं असतं, तो बुजवलेल्या विहिरीवर जास्त बसतो आणि शेजारी कमी, घर तिथेच मोडतं. पाया भरावातून आरपार काढून मूळ जमिनीत न्यायचा. मूळ जमीन 15 फूट खाली असेल तर तो खर्च धरून हा प्लॉट तुम्हाला परवडतो का ते बघा, मला तरी परवडला नसता. आणि ओढा बुजवला तरी पाण्याला वाट माहीत असते, जुलैमध्ये मोठा पाऊस पडत असताना एकदा साईटवर जाऊन या.

प्रश्न : रत्नागिरीजवळ सड्यावर (कातळाच्या पठारावर) 10 गुंठे घेतोय, वर सगळा कातळ आहे. घर अगदी कडेला बांधायचंय, खाली दरी आणि समुद्र दिसतो. कातळ म्हणजे पाया मजबूतच ना? शिवाय थोडी आंब्याची कलमं लावायची आहेत. – मुंबई

उत्तर : समुद्र दिसतो म्हणून कडेला घर, हे प्रत्येक मुंबईकराला वाटतं. जरा मागे या.

तुमचा कातळ म्हणजे जांभा, कोकणातला लालसर दगड, तो वरून कडक असतो हे खरं, उन्हा-वाऱ्यात जितका उघडा तितका कडक होत जातो, म्हणून तर खाणीतून मऊ असताना चिरा तासतात आणि मग वाळू देतात. पण तो सगळा एकसंध दगड नसतो, त्यात भोकं, नळ्या, पोकळ्या असतात, आणि खूप ठिकाणी कडक टोपीच्या खाली पांढरट-गुलाबी मऊ चिकणमातीचा थर असतो. कोकणातला अडीच-तीन हजार मिलीमीटरचा पाऊस त्या भोकांतून खाली उतरतो आणि त्या मातीवर येऊन आडवा वाहत सड्याच्या कडेला बाहेर पडतो. कडेखालची माती धुपली की वरची टोपी लोंबकळत राहते आणि कधीतरी तुटते. तुमच्या कडेला खालून जाऊन बघा, मोठे चौकोनी धोंडे उताराला पडलेले असतील तर ते वरूनच आलेले आहेत. पावसाळ्यात जा, झरा कुठून फुटतो बघा, त्याचं पाणी गढूळ येत असेल तर आत माती वाहतेय. उतारावरची झाडं बुडाशी वाकून वर सरळ झालेली आहेत का, सड्यावर कडेला समांतर भेग आहे का, हेही बघा.

उतार सरकतो तेव्हा वेळ देत नाही. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही जागा जांभ्याच्या सड्यावरच्या नाहीत, पण तीव्र उतार, वर कुजलेल्या खडकाची माती आणि अतिवृष्टी हे समीकरण तेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण दरडप्रवण भागांचे नकाशे करतं आणि ते ऑनलाईन बघता येतात, आपलं गाव त्यात कुठल्या रंगात आहे ते बघून ठेवा. त्यानंतरही साईटवर भूगर्भवाला माणूस नेऊन दाखवाच, हजार-दोन हजाराचं काम नाही पण घरापेक्षा स्वस्त आहे. उतार उभा कापून सपाटी करणारे आता सगळीकडे दिसतात, वर एक बंगला, खाली एक बंगला, मध्ये वीस फुटांची उभी कापलेली माती आणि तिला पाणी जायला भोकं न ठेवलेली भिंत. तुमच्या वरच्या प्लॉटवाल्याने असं कापलं असेल तर तुमचा पाया कितीही चांगला असला तरी तुम्ही त्याच्या भरवशावर.

आणखी दोन गोष्टी. जांभ्यात शोषखड्डा छान पितो, इतका छान की ते पाणी थेट विहिरीत जातं, म्हणून शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि निदान 50 फूट लांब ठेवा. आणि कातळ फोडायच्या आधी तो एकदा झाडून बघा, या भागात सड्यांवर कातळशिल्पं आहेत, त्यातली काही 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तुमच्या 10 गुंठ्यांत एखादा हत्ती किंवा मासा कोरलेला निघाला तर जेसीबी थांबवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

कलमं लागतील. कातळात मीटर-मीटरचा खड्डा फोडून बाहेरची माती आणि शेणखत भरून आंबा लावतात, काजूही चालतो. खड्डा फोडल्यावर त्यात पाणी ओतून रात्रभर ठेवा, सकाळी तसंच असेल तर खाली अजून फोडायला लागेल, नाहीतर पावसाळाभर कलम पाण्यात उभं.

प्रश्न : नवीन बंगल्यात गुलाब, मोसंबी आणि कढीपत्ता लावलाय. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या. नर्सरीवाल्याने युरिया दिला, मग 'स्पेशल लाल माती'ची गाडी दिली, फरक शून्य. बोअरचं पाणी घालते. – नाशिक

उत्तर : ताई, युरिया बंद करा. नत्र कमी असलं की आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात आणि सबंध होतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाहीये. लोह मातीत आहे, आपल्याकडच्या मातीत त्याची कमी नाही, पण चुनखडी असेल आणि सामू 8 च्या वर असेल तर ते मुळांना घेता येत नाही. द्राक्षवाल्यांना विचारा, त्यांचा हा नेहमीचाच ताप आहे.

बंगल्याच्या बागेत त्यात आणखी भर पडते. बांधकाम संपलं की प्लास्टर, सिमेंट, विटांचा चुरा असा सगळा राडारोडा कंपाऊंडच्या कडेच्या पट्टीत ढकलतात, वर सहा इंच लाल माती पसरतात आणि लॉन टाकून चावी देतात. कुदळीने दीड फूट खणून बघा. मातीचा खडा घेऊन त्यावर व्हिनेगर टाका, कानाजवळ धरा, चुरचुर आवाज आला आणि बुडबुडे आले की चुना आहे. राडारोडा निघाला तर दोन-दोन फुटांचे खड्डे करून तो उचलून बाहेर टाका, त्याला दुसरा इलाज नाही.

आत्तापुरतं फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने परत. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घ्या पण डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीएवालं स्वस्त मिळतं आणि चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. शेणखत, कंपोस्ट, पालापाचोळा सढळ हाताने. बोअरचं पाणी जड असेल तर रोज थोडा थोडा चुनाच घालताय, गच्चीवरचं पावसाचं पाणी एका टाकीत साठवता आलं तर मोसंबीला ते द्या. आणि कुणी चिकट मातीत वाळू मिसळा म्हणून सांगेल, ते अजिबात करू नका, उन्हाळ्यात त्याची वीट होते.

प्रश्न : वाळवा तालुक्यात 2 एकर निम्म्या भावात मिळतेय, कालव्याखालची आहे, कडेकडेने पांढरी पूड दिसते. जिप्सम टाकून सुधारते म्हणतात. – सांगली

उत्तर : निम्मा भाव का आहे ते ती पांढरी पूडच सांगतेय. जिप्सम टाकायच्या आधी खारवट आहे की चोपण ते बघा. वर पांढरे क्षार फुलतात आणि माती भुसभुशीत राहते ती खारवट, तिला जिप्समचा काही उपयोग नाही, क्षार पाण्याने धुऊन खाली न्यायचे आणि निचऱ्याने बाहेर काढायचे. ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की टणक आणि पाणी कित्येक दिवस वर उभं, ती चोपण, तिथे जिप्सम लागतं, पण ते किती हे लॅबने सांगायचं. नमुना घेताना बांधाजवळ, उकिरड्याजवळ, झाडाखाली घेऊ नका, शेतात नागमोडी फिरून जागोजागी व्ही आकाराचे खड्डे करून गोळा करा आणि मिसळून अर्धा किलो पाठवा. तीन फुटांपर्यंतचा वेगळा नमुनाही पाठवा, कारण वर सुधारलेली दिसली तरी खाली क्षार बसलेले असतात.

दोन्ही प्रकारांत खरी अडचण निचऱ्याची. जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकता येतात, या पट्ट्यात खूप जणांनी टाकलेत, पण त्या पाईपचं पाणी सोडायला खालच्या अंगाला ओढा किंवा चर पाहिजे आणि मध्ये ज्यांची शेतं आहेत त्यांची संमती पाहिजे. व्यवहाराच्या आधी त्यांच्याकडे जाऊन या. ते तयार नसतील तर निम्म्या भावातही घेऊ नका, आणि तयार असतील तर संमती स्टॅम्पपेपरवर घ्या.